दुसऱ्याने मांडलेले रूळ: एका जुन्या मॉडेल रेल्वेच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

छत्रपती संभाजीनगर ते परभणी हे सुमारे दोनशे किलोमीटर अंतर छोट्या टेम्पोतून, दोन गाद्यांच्या मध्ये बसून मॉडेल रेल्वेचा जुना लेआउट आज दुपारी घरी पोहोचला. मूळ मालक अभियंता होते, नोकरीनिमित्त अनेक वर्षे अमेरिकेत राहिले आणि परतताना संसाराच्या सामानाबरोबर हा छंदही घेऊन आले. त्यांच्या पश्चात वरची खोली रिकामी करायची म्हणून त्यांच्या कन्येने तो अठरा हजार रुपयांना मला दिला. "चालतो की नाही ते मला सांगता यायचं नाही, बाबा गेल्यापासून कोणी बटण दाबलेलं नाही," असे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते, त्यामुळे आता तक्रारीला जागा नाही.

आठ बाय चार फुटांचे प्लायवूड मधोमध कापून बोल्टांनी पुन्हा जोडता येईल असे केलेले आहे. त्यावर एक लंबवर्तुळाकार मार्ग, त्याच्या दोन टोकांना जोडणारी एक तिरकी लाईन, बाजूला दोन सायडिंग (डबे उभे करायच्या लाईनी) आणि एकूण सहा सांधे (गाडीला एका लाईनीवरून दुसरीवर वळवणारे भाग) आहेत. सोबत तीन डिझेल इंजिने, अकरा मालडबे (त्यांपैकी चार टँकर), एक कंट्रोलर आणि स्क्रूंनी भरलेला पत्र्याचा डबा मिळाला. आराखडा, वायरिंगचा नकाशा किंवा वही यांपैकी काहीही मिळाले नाही.

घरातील मंडळींनी माडीवरची पत्र्याची खोली दिली आहे. ती उन्हाळ्यात किती तापते हे ठाऊक असूनही मी होकार दिला, कारण दुसरी खोली नव्हती.

१३ जानेवारी

रात्रीच प्लग लावण्याचा मोह झाला होता. तो आवरला हे बरे झाले. कंट्रोलरच्या खालच्या बाजूला '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असे छापलेले आहे. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला असता तर काही क्षणांत धूर निघाला असता. मूळ मालकांकडे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर नक्कीच असणार, परंतु सामानात तो नाही. परदेशातून आलेले जुने सामान घेणाऱ्याने रुळांकडे बघण्याआधी हे लेबल वाचावे, इतके मी येथे ठळकपणे लिहून ठेवतो.

१९ जानेवारी

बाजारातील तयार ट्रान्सफॉर्मर २३० वरून ११० व्होल्ट करतात. ११० हे १२० पेक्षा कमी असल्यामुळे ते सुरक्षित वाटते, पण वारंवारतेचा हिशेब वेगळा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय प्रवाह व्होल्टेजला वारंवारतेने भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. अमेरिकेत ती संख्या १२० भागिले ६०, म्हणजे २ येते. आपल्याकडे ११० भागिले ५०, म्हणजे २.२ येते. व्होल्टेज कमी असूनही गाभ्यावरचा ताण दहा टक्क्यांनी वाढतो आणि कंट्रोलर गरम होतो. ताण मूळ पातळीवर ठेवायचा असेल तर बरोबर १०० व्होल्ट हवेत.

शेतातील पाणबुडी मोटारी भरून देणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो आणि २३० ते १०० व्होल्ट, ६० वॉट, दोन्ही वेटोळी पूर्ण वेगळी, असा ट्रान्सफॉर्मर सांगितला. एकाच वेटोळ्यातून मध्ये टॅप काढला तर खर्च कमी होतो, परंतु त्यात घरातील फेज थेट पुढे जाण्याचा धोका राहतो, हे समजावल्यावर कारागिराने मान डोलावली आणि "रेल्वेला १०० व्होल्ट कशाला लागतात?" असे विचारले. खेळण्यातली आहे म्हटल्यावर त्याने मजुरी वाढवली.

२६ जानेवारी

ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत मोजमापे घेतली. लेआउट एचओ या प्रमाणातील, म्हणजे १:८७ आहे. रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर कॅलिपरने सगळीकडे १६.५ मिलिमीटर भरले. केवळ एका सांध्यावर ते १६.१ आहे, तेथे डबे घसरणार हे धरून चाललो आहे. १६.५ ला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात आणि ते युरोप-अमेरिकेचे स्टँडर्ड गेज आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. या प्रमाणात ते १९.२६ व्हायला हवे. मनमाडकडून आपल्याकडे येणारी लाईन नव्वदच्या दशकापर्यंत मीटर गेज होती. तिचे रूळ या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटरवर आले असते. म्हणजे मराठवाड्यातील कोणतीही लाईन या रुळांवर काटेकोरपणे बसत नाही. अपवाद करायचाच तर तो बार्शी लाइट रेल्वेचा. १८९७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे लातूरपर्यंत आलेल्या त्या रेल्वेचे गेज ७६२ मिलिमीटर होते. ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एन या लहान प्रमाणाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे मिळतात. एखाद्या सायडिंगच्या जागी पुढे ती लाईन टाकता येईल. हा विचार तूर्त बाजूला ठेवतो.

वळणांची त्रिज्या १८ इंच आहे. ८७ ने गुणल्यास जेमतेम चाळीस मीटर होतात. भारतीय ब्रॉडगेजवर दहा अंशांपेक्षा, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही आणि ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजलाही मर्यादा चाळीस अंशांची, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस मीटरची आहे. माझे वळण बार्शी लाईनच्या नियमांतही नापास झाले असते. ब्रॉडगेजचा नियम पाळायचा तर दोन मीटर त्रिज्या लागेल आणि घराची भिंत पाडावी लागेल.

२ फेब्रुवारी

ट्रान्सफॉर्मर आला. भार नसताना १०३ व्होल्ट दाखवतो, चालेल.

रुळांवर काळपट थर होता. त्यासाठी सँडपेपर वापरू नये, कारण त्याने पडलेल्या सूक्ष्म चरांत घाण अधिक वेगाने साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले सुती कापड बोटाभोवती गुंडाळून संपूर्ण लाईन दोनदा पुसली. पांढरी फडकी काळी झाली. समोरच्या भागातील रूळ पिवळे, म्हणजे पितळी, आणि मागचे निकेल सिल्व्हरचे आहेत. या मिश्रधातूत नावापुरतीही चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि गंजल्यावरही त्याचा थर पितळेच्या थरापेक्षा वीज बरी वाहू देतो.

पहिले इंजिन रुळावर ठेवून नॉब फिरवला. ते हलले, फूटभर गेले, थबकले, हाताने ढकलल्यावर पुढे गेले आणि मागच्या वळणावर कायमचे थांबले. एवढ्यावरच मुलगा टाळ्या वाजवून खाली गेला.

९ फेब्रुवारी

दोन दिवस मल्टिमीटर घेऊन रुळांवर वाकून काढले. इंजिन चालू असताना कंट्रोलरच्या टोकाला ११.४ व्होल्ट आणि मागच्या वळणावर ७.६ व्होल्ट भरतात. वीज दोन रुळांतून जाते, पण एका रुळाकडून पुढच्या रुळाकडे जाताना ती धातूच्या छोट्या जोडपट्टीवर अवलंबून असते; ती पट्टी सैल आणि काळी पडली की प्रत्येक जोडावर थोडे थोडे व्होल्टेज गळते. कंट्रोलरपासून केवळ एका ठिकाणी दोन वायरी रुळांना जोडलेल्या दिसल्या, आणि वीस-बावीस जोड ओलांडून वीज मागे जात होती.

त्यावरचा उपाय ठरलेला आहे. पाटीखालून दीड एमएमच्या लाल आणि काळ्या घरगुती वायरीची मुख्य जोडी फिरवायची आणि दर मीटरला बारीक वायरीने रुळाला जोडायची. रुळाला सोल्डरचा डाग देताना रुळांखालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवावे लागतात. आयर्न चांगला तापलेला असावा आणि स्पर्श दोन-तीन सेकंदांचा असावा. कमी तापलेल्या आयर्नने रेंगाळत राहिले की नुकसान अधिक होते. माझे पहिले चार स्लीपर याच पद्धतीने कामी आले. हात बसल्यावर उत्साहाच्या भरात जवळजवळ सगळ्या जोडपट्ट्यांनाही डाग देऊन टाकले.

१५ फेब्रुवारी

मागच्या वळणावर आता १०.९ व्होल्ट मिळतात आणि इंजिन न थांबता वर्तुळ पूर्ण करते. मात्र तिरक्या लाईनवर वीज अजिबात नव्हती. तिच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली. जोडपट्ट्याही धातूच्या नसून प्लास्टिकच्या होत्या. मी असे गृहीत धरले की धातूच्या पट्ट्या संपल्यामुळे मूळ मालकांनी तात्पुरते काहीतरी बसवले असावे. चारही ठिकाणच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून काढल्या, फटींत तांब्याची तार ठेवली आणि वरून डाग दिला.

नॉब फिरवताच कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि पुरवठा बंद पडला. संपूर्ण लेआउट मृत. रात्री अकरापर्यंत दोष सापडला नाही.

१६ फेब्रुवारी

शेजारचे काका सकाळी चहाला आले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आजवर माझ्या या उद्योगाकडे त्यांनी कौतुकाने कमी, दयेने अधिक पाहिले होते. मी काय जोडले ते दाखवल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सर, ते तुटलेलं न्हवतं, तोडलेलं होतं. लाईनीवर आम्ही बी असंच तोडायचो."

खऱ्या रुळांतून सिग्नलसाठी अगदी सौम्य वीज सोडलेली असते. गाडीची चाके आणि आस दोन रुळांना जोडतात, त्यामुळे टोकाच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) वीज मिळेनाशी होते आणि सिग्नल लाल होतो. प्रत्येक टप्प्याची वीज वेगळी राहावी म्हणून रुळांच्या जोडात वीजरोधक थर घालतात. काकांच्या नोकरीचा मोठा भाग हे जोड तपासण्यात गेला होता. माझ्या लेआउटवर कारण वेगळे असले तरी युक्ती तीच आहे. तिरक्या लाईनवरून गेलेली गाडी वर्तुळात उलट दिशेने परत शिरते, म्हणजेच तिचा डावा रूळ पलीकडच्या टोकाला वर्तुळाच्या उजव्या रुळाला जाऊन मिळतो. धन आणि ऋण समोरासमोर येतात, आणि तेथे फट नसेल तर शॉर्टसर्किट अटळ असते. मी चार डाग देऊन नेमके तेच घडवले होते.

मग दोघांनी पाटी उभी करून खालची बाजू प्रथमच नीट पाहिली. हे काम बारा जानेवारीलाच करायला हवे होते. लाल-काळी जोडी मुख्य लाईनची; निळी-पांढरी जोडी थेट तिरक्या लाईनला जात होती आणि समोरच्या फळीवरील दोन निनावी स्विचांपैकी एकाच्या मागे तुटून लोंबत होती, बहुधा टेम्पोतील धक्क्याने. दोन्ही डबल पोल डबल थ्रो प्रकारचे स्विच आहेत आणि त्यांच्या मागे फुलीच्या आकारात वायरी बांधलेल्या आहेत, म्हणजे दांडी उलटी केली की धन-ऋण उलटते. गाडी तिरक्या लाईनवर पूर्ण आली की मुख्य लाईनचा स्विच उलटायचा. गाडी तशीच पुढे जात वर्तुळात शिरते. एका दांडीवर नेलपॉलिशचा फिकट लाल ठिपका आहे. तो मुख्य लाईनचा.

डाग काढले, फटी मोकळ्या केल्या, नव्या प्लास्टिकच्या पट्ट्या घातल्या, निळी-पांढरी जोडी पुन्हा स्विचला जोडली. दुपारी गाडी तिरक्या लाईनवरून जाऊन उलटी फिरून आली तेव्हा काकांनी दोन्ही दांड्या स्वतः चालवल्या आणि जेवायला घरी जायचे विसरले.

१ मार्च

इंजिने उघडली. आतील ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते काडीने खरवडून, अल्कोहोलने धुऊन, प्लास्टिकला न खाणाऱ्या हलक्या तेलाचा प्रत्येक आसावर एकच थेंब दिला. अधिक तेल रुळांवर उतरते. मोटारीचे कार्बन ब्रश दोघांचे ठीक आहेत. तिसरे इंजिन चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात 'टक्' असा आवाज करून उचकी देत होते. आसावरील नायलॉनचे दातेरी चाक उभे तडकले होते आणि तडकलेल्या जागी दोन दात दूर गेले होते. निसरड्या प्लास्टिकला कोणताही गोंद टिकत नाही, नवे चाक येथे मिळत नाही. म्हणून ते इंजिन सुटे भाग काढण्यासाठी राखून ठेवले. दोन पुरेत.

मालडबे सोनाराच्या काट्यावर तोलले. अमेरिकेतील छांदिष्टांच्या संघटनेचा ठोकताळा असा आहे की डब्याचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावे. सहा इंचांच्या डब्याला ते सुमारे ११३ ग्रॅम होते. माझे टँकर ७१ ग्रॅमचे निघाले. प्रत्येकाच्या पोटात नटबोल्टच्या दुकानातील वायसर चिकटवून वजन भरून काढले. हलके डबे वळणावर आतल्या बाजूला ओढले जाऊन उलटतात, तो प्रकार त्यानंतर थांबला. चाकांच्या पाठींमधील अंतरही तपासले; १४.४ मिलिमीटर असायला हवे, दोन डब्यांचे कमी होते, हलकेच ओढून नीट केले.

१६ मार्च

सांध्यांच्या मोटारी म्हणजे वास्तविक मोटारी नव्हेत. दोन वेटोळ्यांमधील लोखंडी दांडा इकडून तिकडे खेचला जातो, बस. त्यांना क्षणभराचाच झटका द्यायचा असतो. एक बटण दाबलेल्या अवस्थेत अडकले आणि मला वास येईपर्यंत वेटोळे जळाले. ते रिवाइंडिंगच्या त्याच दुकानात नेले. इतकी बारीक तार आणि इतके छोटे काम पाहून कारागिराने यावेळी मजुरी घेतली नाही, मात्र चालणारी गाडी दाखवायला बोलवा म्हणाला.

पुन्हा असे होऊ नये म्हणून कपॅसिटरचा संच बनवला. वीज आधी ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठते आणि बटण दाबल्यावर एका झटक्यात वेटोळ्यात जाते. बटण अडकले तरी नंतर फक्त अल्प प्रवाह वाहतो. कंट्रोलरची १६ व्होल्टची एसी बाजू डायोडमधून सरळ केल्यावर शिखराचे व्होल्टेज साडेबावीसच्या पुढे जाते, म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर देणाऱ्या दुकानदाराकडून आग्रहाने ३५ व्होल्टचाच घेतला. १६.१ मिलिमीटरचा आवळलेला सांधाही कानस लावून मोकळा केला.

६ एप्रिल

खडी. आपल्याकडील लाईनीवरची खडी साधारण ६५ ते २० मिलिमीटरची काळ्या पाषाणाची असते, त्यामुळे प्रतिकृतीत पाऊण मिलिमीटरपर्यंतचा दाणा हवा. क्रशरवरून पिशवीभर कच आणली, मैद्याच्या चाळणीने आणि मग चहाच्या गाळणीने चाळली, धुऊन गच्चीवर वाळवली. रंग इतका अस्सल की विकतच्या खडीचा विचारही आला नाही. पसरण्यापूर्वी सहज म्हणून त्यातून चुंबक फिरवला, तर त्याला मिशा फुटल्या. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात हे वर्गात कितीदा शिकवले आहे, पण मोटारीतील चुंबक असे दाणे रुळांवरून उचलून दातेरी चाकांत घेतील हे आधी सुचले नव्हते. संपूर्ण कच कागदावर पसरून चुंबकाने आठ वेळा विंचरली. जे चिकटले ते टाकले.

खडी कोरडीच पसरून ब्रशने स्लीपरांच्या मध्ये बसवायची, त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि मग निम्मे पाणी घातलेले फेव्हिकॉल, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचे. साबण नसेल तर गोंद खडीवर मोत्यासारखा बसून राहतो. सांध्यांच्या हलत्या भागांजवळ गोंद नेला नाही.

४ मे

खोलीत दुपारी ४५ अंश. समोरच्या सरळ भागात रूळ बाजूला चार मिलिमीटर फुगला आहे आणि महिन्यापूर्वी बसवलेली खडी फोडून वर आला आहे. दोष माझाच आहे. फेब्रुवारीतील अठरा अंशांच्या सकाळी मी सगळे जोड डाग देऊन पक्के केले होते. अडीच मीटर रूळ सत्तावीस अंशांनी तापला की सुमारे एक मिलिमीटर वाढतो. खालची लाकडी चौकट उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उलट आवळते. त्या एका मिलिमीटरला लांबीत जागा मिळाली नाही की रूळ आडवा वाकतो, आणि तो वाक मूळ वाढीच्या कितीतरी पट असतो. काका रात्रीच्या थंडाव्यात येऊन पाहून गेले. "गँगमन मे महिन्यात दुपारचा का फिरतो, कळलं का आता?" एवढेच बोलले.

दर तिसऱ्या जोडाचा डाग काढला आणि तेथे पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली. वायरी प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र असल्यामुळे विजेचे काही बिघडले नाही.

१८ मे

दोन आठवडे रोज दुपारी दोन वाजता, म्हणजे सर्वांत वाईट वेळी, गाडी चालवून पाहिली. रूळ जागेवर आहेत. रिवाइंडिंगचा कारागीर मुलाला घेऊन येऊन गेला.

चारही टँकर एकामागे एक जोडून फिरवले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या गाडीला असे दहा टँकर होते, पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती गाडी मला येथे उभी करायची आहे. आणखी सहा टँकर मिळवणे हा पैशांचा प्रश्न आहे. लांबीचा प्रश्न वेगळा आहे. धातूच्या चाकांची गाडी उलटवताना ती दोन फटींच्या मध्ये पूर्ण मावायला हवी, नाहीतर चाकेच फटीवर पूल बांधतात आणि लाल दिवा लागतो. फटींमधील अंतर १४२ सेंटिमीटर आहे. पंधरा सेंटिमीटरचे दहा टँकर आणि वीसचे इंजिन मिळून १७० होतात. मूळ मालकांनी फट जेथे ठेवली तेथून सांध्यापर्यंत अडतीस सेंटिमीटर जागा शिल्लक आहे, म्हणजे फट तीस सेंटिमीटर पुढे नेता येईल. त्या जागी दोन्ही रुळांवर पेन्सिलीने खूण केली आहे. करवत अजून लावलेली नाही. खालून निळी-पांढरी जोडी कुठे कुठे डागलेली आहे ते आधी पाहायचे आहे.